चार प्रश्नचिन्हं

शनिवारी झरीच्या शाळेत संगणकखोलीचं उद्घाटन होतं, आणि मंगळवारी दुपारी तिथला संगणक घोलवडला ऋषभच्या खोलीत काळा पडदा दाखवत बसला होता.

संगणक शाळेला कुणीतरी दान दिलेला, आणि इतका म्हातारा, की हल्लीचं काहीही आत घातलं की त्याला धाप लागे. ऋषभनं तिथल्या निर्मलाबाईंना शब्द दिला होता, की मी यात लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी प्रणाली घालून देतो. तेही तयार आणून नव्हे, सोर्सपासून, म्हणजे लोकांनी लिहून ठेवलेल्या मूळ मजकुरापासून, एकेक भाग बांधून, या डब्याच्या मापाचं. बाईंनी तो शब्द दुसऱ्याच दिवशी फळ्यावर लिहिला. मुलं रोज सकाळी उरलेल्या दिवसांचा आकडा पुसून एकानं कमी करत होती. बटण दाबायला प्रमुख पाहुणे म्हणून ऋषभचे वडील, गोविंदराव, ठरले. पंचायत समितीतली कारकुनी संपल्यापासून त्यांना असं कुणी बोलावलं नव्हतं. जाकीट इस्त्री होऊन आठ दिवस आधीच खुंटीला लागलं.

"बाजारात पापड मिळतात, तरी तू उडीद दळायला घेतोस. तसंच ना हे?" हिरकणीबाईंनी मुलाला विचारलं होतं.

"तसंच, आई. फक्त यात लाटणंही आधी आपणच करायचं."

लाटणं म्हणजे कंपाइलर. माणसानं लिहिलेलं यंत्राच्या पचनी पाडणारा. तो बांधतानाच ऋषभची अर्धी दाढी पिकायची वेळ आली. एक एरर घालवला की त्याचा चुलतभाऊ दारात उभा. पण चिकाटीनं त्यानं सगळ्यांची बोळवण केली आणि कोणता भाग कोणाच्या मागून बांधायचा याची यादी एका फाइलीत लिहिली. फाइल राहायची पेनड्राइव्हवर; तो रात्री लॅपटॉपला लावायचा, दुपारी जुन्या संगणकाला.

मंगळवारी यादी चालवली, तर यंत्राचा शेरा आला: पहिल्या ओळीत घोटाळा, थांबलो. फाइल उघडून बघतो तर माथ्यावर चार प्रश्नचिन्हं. आपण लिहिलेली नाहीत एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. त्यानं ती खोडली, काम पुढे सरकलं.

ती चिन्हं यंत्राची नव्हती, गोविंदरावांची होती. लॅपटॉप घरात दोघांचा. सकाळी गोविंदराव त्यावर चिकू बागायतदारांची पत्रं मराठीत टाइप करत. सोमवारी ऋषभ त्यांना म्हणाला होता, "पप्पा, या एका फाइलीपासून सगळं सुरू होतं." ज्या माणसानं एकतीस वर्षांत श्री घातल्याशिवाय कागद सुरू केला नाही, त्याला हे सांगायची गरज नव्हती. मंगळवारी सकाळी त्यांनी फाइल उघडली, बोडका माथा बघून त्यांना कसंसंच झालं, आणि त्यांनी वर 'श्री' टाइप केलं. यंत्रानं इंग्रजीत विचारलं, की ही अक्षरं या फाइलीत टिकणार नाहीत, चालेल का? गोविंदरावांनी ओके दाबलं. ऑफिसात यंत्रानं काहीही विचारलं तरी ते हेच करत आले होते.

बुधवारी सकाळी त्यांनी फाइल उघडली, तर श्री नाही. त्यांनी मुकाट्यानं पुन्हा घातलं. दुपारी ऋषभला पुन्हा चार प्रश्नचिन्हं. पेनड्राइव्ह खराब, असं ठरवून तो जीप बदलत कासा नाक्यावर गेला आणि नवा घेऊन आला. जुन्यानं आणखी काय काय बिघडवलं असेल या धास्तीनं बांधलेलं सगळं पुसलं आणि पुन्हा लाटण्यापासून सुरुवात केली.

"मुंबईला शिकायला ठेवला, तर श्री खोडायला शिकून आला," गोविंदराव स्वयंपाकघरात म्हणाले. हिरकणीबाईंनी हे मुलापर्यंत पोचवताना त्यातलं निम्मं गाळलं. "पप्पांशी जरा नीट वाग," एवढंच सांगितलं. ऋषभ म्हणाला, वागतो, आधी हे पेनड्राइव्हचं निस्तरू दे.

गुरुवारी नव्या पेनड्राइव्हवरही चार. आता मात्र तो लॅपटॉपच बगलेत मारून कासाला विनोदच्या दुकानात गेला. विनोद शाळेपासूनचा दोस्त, आणि निदानाला कधी उशीर न करणारा.

"व्हायरस आहे भावा. चार-चार प्रश्न विचारतो म्हणजे शिकलेला व्हायरस आहे."

त्यानं लॅपटॉप आतून धुऊनपुसून काढला. आणि खरंच, शुक्रवारी एकही प्रश्नचिन्ह आलं नाही. संध्याकाळच्या चहाला शेवटचा भाग बांधून झाला आणि पडद्यावर बारकी रेघ लुकलुकायला लागली. ऋषभ तिच्याकडे नवजात बाळाकडे बघावं तसा बघत होता, तेवढ्यात गोविंदराव आत आले.

"लॅपटॉपमधली मराठी कुठे ठेवलीस? सकाळपासून श्री लिहिता येत नाही."

"कुठे लिहायचंय?"

"तुझ्या त्या फाइलीत. तू रोज खोडतोस, मी रोज लिहितो. आज तू मुळावरच उठलास."

यंत्र श्रीमधली एकेक खूण वेगळी धरतं, आणि न टिकलेल्या प्रत्येक खुणेच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतं. ऋषभनं बोटांवर मोजलं. श, पाय मोडला, र, वेलांटी.

"चार," तो म्हणाला.

सगळा उलगडा ऐकून गोविंदराव वरमतील अशी त्याची समजूत होती. ते म्हणाले, "म्हणजे उद्या मी श्री नसलेल्या कामाचं बटण दाबायचं? मी येत नाही." जाकीट खुंटीवरून कपाटात गेलं. झरीच्या फळ्यावर त्या दिवशी एक उरला होता.

ऋषभनं लॅपटॉपवर मराठी परत बसवली. फाइल उघडली, माथ्यावर दोन आडव्या, दोन उभ्या रेघांचं एक चिन्ह काढलं आणि त्याच्यापुढे श्री लिहिलं. यावेळी अक्षरं टिकतील अशी जपून ठेवली आणि वडिलांच्या समोर यादी चालवली. यंत्रानं चूं केलं नाही.

"हे आधीचं काय?"

"हॅश. ते लावलं की यंत्र ती ओळ वाचत नाही."

"वाचत नाही?"

"वाचत नाही, पण काढूनही टाकत नाही. असू देतं."

गोविंदरावांनी जरा विचार केला. "म्हणजे या घरात माझं बोलणं असतं तसं." आणि जाकीट परत खुंटीला आलं.

शनिवारी त्यांनी बटण दाबलं, पडद्यावर ओळी धावल्या, पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. निर्मलाबाईंनी दोन शब्द बोलायला सांगितल्यावर गोविंदराव वीस मिनिटं बोलले. पोरं संगणकाला चिकटलेली होती. ऐकलं कुणी नाही, थांबवलंही नाही.

रविवारी न्याहारीला ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "हॅश. केस फार वाढलेत." ऋषभनं बशी उचलून मोरीत ठेवली. दुपारी तो केस कापून आला आणि तसाच खोलीत गेला.

हिरकणीबाईंनी त्याच्या मानेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "अहो, ते लावलेलं वाचत नाही म्हणाला होता ना?"

"वाचतं," गोविंदराव म्हणाले. "कळू देत नाही."