शेवट सांगणारे इस्माईलमामा

दौंडच्या आमच्या वाचनालयातून रहस्यकथा घ्यायची आणि इस्माईलमामा तांबोळ्यांच्या पानाच्या दुकानावरून जायचं, म्हणजे ती न वाचताच परत करण्यासारखं होतं. मामा दुकानातून अर्धे बाहेर वाकत, काखेतल्या पुस्तकाचं कव्हर ओळखत आणि भर रस्त्यात ओरडत, "घाबरू नका, पोरगी वाचती! म्हाताऱ्याला दिवाणजीनं मारलंय!"

यात दुष्टपणा तिळभर नव्हता. त्यांना खरोखरच लोकांची काळजी वाटे.

"माणूस चार दिवस जिवाला घोर लावून घेतो," ते म्हणत. "मला ठाऊक असून मी गप बसू व्हय? तुमचं माणूस दवाखान्यात हाय आन् मला कळलं का ते बरं हाय, तर मी सांगायचं न्हाई?"

आमच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी राहू गावात शेती धरली आणि मी बी.ए. होऊन दौंडला हायस्कुलात मास्तर झालो. घराण्यातला पहिला पदवीधर. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. वाचनालयाचा सेक्रेटरीही मीच होतो. पण मामांच्या या प्रश्नाचं उत्तर मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मामा पुस्तकांची नावं लक्षात ठेवत नसत. पुस्तकात ज्या गोष्टीनं त्यांना घोर लावला, तेच पुस्तकाचं नाव. 'विहिरीचं', 'कंदिलाचं', 'त्या लंगड्या सासऱ्याचं'. वाचून झालं की पुस्तक परत देताना अभिप्राय ठरलेला.

"विहिरीचं बरं हाय, मास्तर. पण त्यो डिटेक्टिव्ह तीन दिस नुसत्या चहावर पळतोय. पित्त व्हईल त्याला."

किंवा, "खुनी सापडला, झ्याक झालं. पण मेलेल्या माणसाची म्हस दारात बांधलेली हाय, पहिल्याच पानावर. तिची धार कोण काढतंय? लेखक इसरला. मी न्हाई इसरलो. माझं ध्यान समदं म्हशीपाशी."

रहस्यकथेला ते घाबरत, पण विनोदी कादंबरीला जास्त घाबरत. ती हातात घेताना विंचू असलेला जोडा उचलावा तशी घेत.

"खुनाच्या पुस्तकात निदान मेलेल्याची चवकशी तरी व्हती," ते म्हणत. "ह्या हसायच्या पुस्तकात एक भोळा माणूस धरत्यात, त्येचं हसं करत्यात, आन् धडा संपवत्यात. त्या माणसाचं पुढं काय झालं, कुणी इचारत न्हाई. तोबा!"

अखेर तक्रार आलीच. रेल्वेतल्या एका गार्डानं लांबच्या गाडीवर वाचायला म्हणून पुस्तक नेलं होतं. तो सायकलवरून प्लॅटफॉर्मकडे निघाला असताना मामांनी त्याला खुनी सांगून टाकला. परत आल्यावर गार्ड थेट कमिटीपुढे उभा. आमचे अध्यक्ष वकील. त्यांनी निवाडा दिला: इस्माईल तांबोळ्यांनी यापुढे तोंड उघडलं, तर सभासदत्व रद्द.

मी निरोप सांगितला तेव्हा मामांचा चेहरा उतरला. "सांगणार न्हाई. पण नाव काढू नका, मास्तर. सांजच्याला घरात दोघंच असतो आम्ही. मी वाचतो, तुमची मामी ऐकती. पुस्तक नसंल तर आम्ही एकमेकांशी काय बोलायचं?"

त्यांनी शब्द पाळला. रहस्यकथा घेऊन कुणी येताना दिसलं की ते दोन्ही गालांत पान कोंबून बसत. पण चेहऱ्याचं काय करणार? पोरगी वाचणार असली की चेहरा निवांत, मरणार असली की डोळ्यांत पाणी. लोक आता मुद्दाम पुस्तक दाखवून मामांचा चेहरा वाचू लागले. गार्डानं दुसरी तक्रार केली. वकीलसाहेब म्हणाले, "चेहऱ्यावर बंदीचा नियम नाही. पण आता एक जरी चूक झाली, तर मी ऐकणार नाही."

त्या वर्षी माझ्याही जिवाला घोर होता. माझ्या बायकोला, इंदूला, दुसऱ्यांदा दिवस गेले होते, तारीख दिवाळीच्या सुमाराची होती. पहिल्या खेपेला ती माहेरी, शिरूरला होती आणि मूल जन्मतःच गेलं होतं. म्हणून या वेळी तिला माहेरी न धाडता दौंडातच ठेवलं, डॉक्टरच्या नजरेसमोर. आई तिला काडी उचलू देत नव्हती. घरात कुणी बाळाचं नाव काढत नव्हतं. दुपटं शिवायला घेतलं नव्हतं, पाळण्याचा विषय नव्हता. आपल्याकडे मूल हाती येईस्तोवर पाळणा घरात आणत नाहीत, आणि आमच्या घरात तर त्या शब्दालाही बंदी होती. इंदू दिवसभर खिडकीशी बसून मी आणलेली पुस्तकं वाची.

एके दिवशी ती म्हणाली, "शेजारच्या वन्सं सांगत होत्या, एक फार हसायचं पुस्तक आलंय. तेवढं आणा की. हसूनच बरेच दिवस झाले."

रजिस्टर पाहिलं. पुस्तक मामांकडे. मुदत संपली की मामा येत, तेच पुस्तक पुन्हा नावावर चढवून नेत. उन्हाळ्यापासून हेच चाललं होतं. बाकीचे सभासद रांगेत. वकीलसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "आज पुस्तक आणा, नाहीतर नाव काढा."

मी दुपारीच दुकानावर गेलो. मागच्या खोलीतच त्यांचं घर.

"मामा, ते पुस्तक द्या."

"वाचून व्हायचंय."

"मामा, चार महिने?"

"बारीक अक्षर हाय."

"मामा, वकीलसाहेब नाव काढायला निघालेत. आणि माझी बायको रोज विचारतेय त्या पुस्तकाबद्दल."

"म्हणूनच न्हाई देत," मामा म्हणाले आणि जीभ चावली.

मी उभाच राहिलो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग आत जाऊन पुस्तक आणलं. माझ्या हातात दिलं नाही. शेवटाकडचं एक पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"सांगायची बंदी हाय. तुम्हीच वाचा."

गोष्ट एका वेंधळ्या नवऱ्याची होती. बायकोला दिवस जातात आणि हा बहाद्दर बाजारातून भला मोठा पाळणा डोक्यावर घेऊन घरी निघतो. दारात अडकतो, बैलाला धडकतो, अख्खी आळी हसते. मलाही हसू आलं. मग मामांनी पान उलटलं आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. ओळ साधीच होती. पावसाळा संपता संपता पाळणा माळ्यावर गेला. पुढचा धडा नवरा सायकल शिकतो त्याचा.

"समदे हासून फुडं जात्यात," मामा म्हणाले. "कुणाला त्या वळीचा अर्थच लागत न्हाई. पण वहिनींना लागंल. आम्हाला लागला."

आतल्या खोलीतला भांड्यांचा आवाज थांबला. मामी ऐकत होत्या.

"कार्ड फाडा माझं," मामा हळू म्हणाले. "पण हे पुस्तक दिवाळीपतूर ह्या घरातनं हलायचं न्हाई."

मी वाचनालयात गेलो आणि रजिस्टरात पुस्तकापुढं लिहिलं, 'बायंडिंगला दिले'. वकीलसाहेबांनाही तेच सांगितलं. मामांचं नाव राहिलं. इंदूलाही तेच सांगितलं.

"इतक्यात फाटलं?" ती म्हणाली. "कधी येईल?"

"दिवाळीच्या आसपास."

तेव्हापासून मी दुकानावरून गेलो की मामा रस्त्यावर येत. बायकोची चौकशी सरळ करायची त्यांची छाती नव्हती. "मास्तर, बायंडिंग कुठवर आलं?"

"चालू आहे, मामा."

"शिवण उसवली बिसवली न्हाई ना?"

"नाही, मामा."

"सावकाश होऊ द्या. घाई नगं."

लोकांना वाटे, हा माणूस पुस्तकासाठी वेडा झालाय. मला मात्र त्या रस्त्यानं जायची भीती वाटू लागली. उद्या उत्तर वेगळं द्यावं लागलं तर, हे मनातून जाईना. तरी वाट बदलायचं धाडस झालं नाही. मी गेलो नाही, तर ते काय समजतील?

वसुबारसेला सकाळी दवाखान्यातून निघालो तो सरळ दुकानावर. मामा पानांची करंडी सोडत होते. मला पाहून उठले.

"बायंडिंग झालं, मामा," मी म्हणालो. "मुलगी."

मामी पीठ लागलेल्या हातांनी दारात आल्या. "दोघी?" त्यांनी विचारलं. "बाई आन् बाळ, दोघी बऱ्या हायती?"

"दोघी."

मामी उंबऱ्यावरच बसल्या. मामांनी आमच्याकडे पाठ केली, तांब्या घेतला आणि पानांवर पाणी शिंपडू लागले. पानं केव्हाच चिंब झाली होती, करंडीखालून पाणी रस्त्यावर आलं होतं. तरी ते शिंपडतच होते.