हातात काय?

शाळिग्राम काकांच्या हातात कोणी कधी काही पाहिलेलं नाही. छत्री नाही, पिशवी नाही, फोनसुद्धा नाही. फोन गळ्यात नाडीला. वर्तमानपत्र पट्ट्यात खोचलेलं. भाजी पाठीवरच्या सॅकमध्ये आणि मेथीची जुडी सॅकच्या तोंडातून मानेमागे वर आलेली. त्यामुळे सकाळी बाजारातून परतणारे काका लांबून पाठीला भाता लावलेल्या धनुर्धाऱ्यासारखे दिसतात. दोन्ही हात मात्र रिकामे, शरीरापासून जरा लांब, कोणी चेंडू टाकला तर झेलू अशा बेतात.

भेटल्यावर 'काय म्हणता', 'कसं काय' वगैरे नाही. पहिला प्रश्न एकच, "हातात काय?"

"डबा आहे काका."

"कशाला?"

डबा कशाला असतो, हे सांगायला आपण तोंड उघडेपर्यंत काका पुढे गेलेले असतात.

मी त्यांचा शेजारी. आमची सोसायटी पुण्याच्या कडेला मांजरीत जिथे उभी आहे, तिथून हाकेच्या अंतरावर माझे वडील दुसऱ्यांच्या उसाला पाणी द्यायचे. मी आमच्या घरातला पहिला बी.कॉम. आता खराडीला एका कंपनीत नोकरी करतो आणि दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. हे सांगायची काही गरज नव्हती, पण मला सांगायला आवडतं.

काकांचा जन्म कसबा पेठेतला. एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून ते निवृत्त झाले. अख्खं आयुष्य ताणकाट्याला वजनं लावण्यात गेलं. सात वर्षांपूर्वी कसब्यातलं घर सोडून ते काकूंना घेऊन इकडे आले. कसबा सोडून माणूस मांजरीला येतो म्हणजे नवलच, म्हणून मी कारण विचारलं होतं. "इथे लिफ्ट आहे," काका म्हणाले. मला वाटलं, पुणेरी खवचटपणा असेल.

त्यांच्या या रिकाम्या हातांपायी सोसायटीत भांडणही झालंय. गणपतीत चेअरमननी मोठ्या मानाने आरतीचं तबक पुढे केलं, तर काका म्हणाले, "नको. दोन्ही हात अडकतात." काकू शेजारीच उभ्या होत्या, लाजेने अर्ध्या झाल्या. चेअरमन त्यानंतर महिनाभर काकांशी बोलले नाहीत. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

तर यंदा आमच्या सोसायटीतल्या आठ जणांनी जहाजाची सहल ठरवली. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपचं एक बेट बघायचं आणि परत. काका-काकू येतील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, कारण काकू पुण्याबाहेर जात नसत. नाशिकला सख्ख्या भाचीचं लग्न होतं, तिथेही गेल्या नाहीत. विचारलं की "घर कोण बघणार?" म्हणायच्या. दोन खोल्यांच्या त्या घरात बघण्यासारखं काय आहे, हे कोणी विचारायचं नाही.

पण एका रविवारी काका माझ्या दारात उभे राहिले आणि चक्क 'हातात काय' न विचारता म्हणाले, "संतोषराव, ही हो म्हणाली. आठ वर्षांत पहिल्यांदा. समुद्र बघायचाय म्हणाली. आता काही बिघडायला नको. ही गेली पाहिजे, आणि हसत परत आली पाहिजे. बाकी मला काही नको."

त्या दिवसापासून आमचे हाल सुरू झाले.

काकांनी फतवा काढला, माणशी एक बॅग, सात किलो, ती पण पाठीवर. चाकाची बॅग बाद. "चाकं तिला आहेत, ओढतो आपण." ताणकाटा दाराच्या कडीला टांगून काका एकेक वस्तू तोलत बसले. साबणाचे दोन तुकडे झाले. टूथब्रशांचे दांडे कापले. कंगव्याची मूठ उडवली. "केस विंचरायचेत. मूठ कशाला?" दोघांत मिळून एक कंगवा, एक टॉवेल, एक पावडरचा डबा, तोही निम्मा.

मी ऐकून घेतलं नाही. आमच्या घरात गावाला जायचं म्हणजे कपडे जुन्या चादरीत गाठोडं करून न्यायचे. ते गाठोडं लपवत मी कॉलेजच्या सहलीला गेलोय. आता स्वतःच्या पगारातून जहाजावर चाललोय, तर मी मोठी बॅगच नेणार! मी आणि माझी बायको वैशाली, दोघांनी मिळून बावीस किलो भरले. त्यात माझी पांढरी पँट, दोन फुलाफुलांचे शर्ट, गॉगल आणि वैशालीचे रोजचे तीन ड्रेस. आई कधी समुद्रावर गेलेली नाही. तिने एक रिकामी बाटली आणून दिली. "येताना समुद्राचं पानी आन. खरंच खारं हाय का बघू दे."

काकांनी ताणकाटा आमच्या बॅगेला लावला. काटा शेवटाला जाऊन थांबला. "हिला तिकीट काढलंय का वेगळं?" एवढंच विचारून ते गेले.

काकूंची दैना आमच्याहून वाईट. पर्स बाद, कारण ती हातात धरावी लागते. टाचेच्या चपला बाद, रबरी तळाचे बूट घ्यायचे. आणि साडी जमिनीपासून चार बोटं वर नेसायची, हा सर्वांत कडक नियम. जिन्यातून काकूंचा आवाज आम्हाला ऐकू यायचा.

"चार बोटं वर? अहो, जहाजावर चाललेय की भात लावायला?"

"चार म्हणजे चार."

"लोक हसतील मला."

"मला हसतील. मी मागेच असणार आहे."

दर रविवारी रंगीत तालीम. लिफ्ट सोडून दोघं जिन्याने गच्चीपर्यंत जायचे. पुढे काकू, वर चढवलेली साडी आणि पांढरे बूट, चेहरा शाळेत अंगठे धरायला लावलेल्या मुलीसारखा. मागे एक पायरी सोडून काका, पाठीला सॅक, हात मोकळे. गेटवरचा वॉचमन आम्हाला विचारायचा, "साहेब, ही मंडळी कधी निघणार नक्की?"

अखेर निघालो. मुंबईच्या बंदरावर गेल्यावर कळलं की मोठ्या बॅगा तिथेच द्यायच्या असतात, त्या परस्पर खोलीत येतात. मी काकांकडे विजयाने पाहिलं. "बघा काका, उचलायचीच नाही!"

"खोलीत कधी येते ते बघा," काका म्हणाले.

मी प्रवासासाठी हाफ पँट घातली होती. जहाज सुटलं, समुद्र आला, सूर्य गेला, बॅग आली नाही. रात्रीच्या जेवणाच्या हॉलच्या दारात एका कोट घातलेल्या मुलीने फार गोड हसून सांगितलं की हाफ पँट आत चालत नाही. माझी पांढरी पँट जहाजाच्या पोटात कुठेतरी आणि मी दारात. कॉलेजातला गाठोड्याचा दिवस आठवला. तेवढ्यात मागून आवाज आला, "चला माझ्या खोलीत."

काकांकडे एकूण दोन पँटी होत्या. दुसरी त्यांनी मला दिली. मी काकांपेक्षा उंच, त्यामुळे ती घोट्याच्या बरीच वर राहिली. काकांनी खाली वाकून मापलं.

"चार बोटं," ते समाधानाने म्हणाले. "आता तुम्ही हिच्या शेजारी बसा."

काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी त्यांना एवढं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. काका मात्र हसत नव्हते, काकूंकडे बघत होते. मग हॉलमध्ये काकूंना बसवून त्यांनी त्यांचं ताट वाढून आणलं, ते ठेवलं, आणि परत जाऊन स्वतःचं आणलं. दोन ताटं एकदम आणणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. आणि काकू बसलेल्या असल्या तरच ताट हातात घ्यायचं, हाही एक नियम असावा, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

बेटाच्या दिवशी खरी परीक्षा होती. मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. जहाजाच्या कडेच्या दारातून छोट्या होडीत पाऊल टाकायचं आणि होडीने किनाऱ्यावर जायचं. होडी वर यायची, खाली जायची. काकू दारात आल्या आणि थबकल्या. खलाशाने हात पुढे केला.

"नको, माझी मी जाते," काकू म्हणाल्या.

मी होडीत अगदी त्यांच्या समोर उभा होतो, एका हातात कॅमेरा आणि टोपी, दुसऱ्यात पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. काकूंनी पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी होडी खाली गेली. काकू पुढे झुकल्या. मला दिसत होतं, कळत होतं, पण काय टाकायचं आणि काय धरायचं हेच मला ठरवता येईना. खलाशाचा हात पोहोचायच्या आत मागून दोन हात आले आणि काकूंचे दोन्ही दंड धरले गेले. घट्ट. काकू सरळ उभ्या राहिल्या. मग हलकेच होडीत उतरल्या.

 काका खाली बघून म्हणाले, "आज तीनच बोटं नेसली आहेस."

"तीन नाही, साडेतीन," काकू म्हणाल्या.

किनाऱ्यावर वैशाली पाण्यात गेली. काका काकूंसाठी खुर्ची शोधायला गेले, आणि ती मिळाल्यावर डोक्यावर घेऊन आले, एका हाताने धरून. तोवर मी आणि काकू वाळूत उभे होतो. मी म्हणालो, "काकू, माफ करा. मी समोरच होतो."

"तुझे हात भरलेले होते रे." काकू समुद्राकडे बघत होत्या. "ह्यांचेही होते तेव्हा. आठ वर्षं झाली. स्टेशनच्या जिन्यावर माझा पाय साडीत अडकला. ह्यांच्या दोन्ही हातांत बॅगा. माझ्याच साड्यांनी भरलेल्या. मी सात-आठ पायऱ्या खाली आणि हे वर बॅगा धरून उभे. सोडायचंसुद्धा सुचलं नाही त्यांना. मला उचललं ते हमालांनी."

 लिफ्ट, आरतीचं तबक, रबरी बूट, सगळं एकेक करून माझ्या डोक्यात जागेवर बसत होतं.

"माझं हाड सहा महिन्यांत जुळलं," काकू म्हणाल्या. "पण त्या दिवसापासून एकदाही त्याबद्दल बोलले नाहीत. वजन, नियम, ताणकाटा, असलं काहीतरी काढून बसतात. माणसं हसतात, तर हसू देतात. त्यांना वाटतं, मला कारण कळत नाही."

"मग सांगत का नाही तुम्ही?"

"सांगितलं तर मला हातच धरावा लागेल त्यांचा," त्या म्हणाल्या आणि स्वतःशीच हसल्या. "आमच्या कसब्यात रस्त्यावर कुठे धरतात?"

काकांनी खुर्ची वाळूत रोवली, हलवून तपासली. काकू तासभर बसल्या, पाय पाण्यात टाकून. साडी चार बोटांच्याही पुष्कळ वर. काका मागे उभे.

परतीची होडी आली. काकू उठल्या, पण पुढे निघाल्या नाहीत. वळून काकांना म्हणाल्या, "हातात काय?"

काका गोंधळले. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी दोन्ही तळवे उलटून बघितले, खरंच काही आहे की काय.

"काही नाही."

"मग धरा की," काकूंनी हात पुढे केला.

भर किनाऱ्यावर, सोसायटीतल्या सगळ्यांसमोर, काकांनी तो धरला. एकाच हाताने नाही, दोन्ही हातांनी. आणि दोघं तसेच होडीपर्यंत चालत गेले, काका जरा तिरपे, खेकड्यासारखे, कारण दोन्ही हातांनी एक हात धरून सरळ चालता येत नाही.

त्यांचा फोटो काढावा असं फार वाटलं. पण माझ्या एका हातात वैशालीच्या चपला होत्या आणि दुसऱ्यात आईसाठी भरलेली समुद्राची बाटली.