हत्तीचा कायमचा पत्ता

आंदेमेबाईच्या शेतात हत्ती शिरला, ही गॅबॉनच्या उत्तरेकडच्या त्या गावात काही नवलाची गोष्ट नव्हती. गुरुवारी आला, केळीची अर्धी बाग खाल्ली, कसाव्याचे कंद उपटले आणि ढेकर देऊन गेला. त्या ढेकराने पलीकडच्या गावातली दोन छपरं उडाली, असं ओयाने नावाची शेजारीण शपथेवर सांगते. तिच्या शपथेतून निम्मं वजा केलं तरी एक छप्पर उरतंच.

राहिलेली अर्धी बाग म्हणजे आंदेमेचं वर्षाचं जेवण. ती वाचवायला हत्ती हुसकावणारी सरकारी तुकडी हवी, आणि तुकडीला अर्ज. म्हणून बाई कचेरीत गेली. तिथे बिबांगसाहेब बसले होते. वय कोवळं, शिक्का जून.

"हत्ती कुठल्या जातीचा?"

"भुकेल्या."

"माय, थट्टा नको. हत्तींच्या तीन जाती आहेत. सोंडेच्या टोकाला बोट एक होतं की दोन?"

"मी काय त्याला अंगठी घालत होते?"

"एक असेल तर तो आशियातला. मग हे प्रकरण परराष्ट्र खात्याचं."

"दोन धर रे बाबा, दोन!"

"कान?"

"गोल. सुळे सरळ, जमिनीकडे रोखलेले."

साहेब खुलले. "म्हणजे वनहत्ती! मोठ्या कानांचा तो गवताळ माळावर असतो, तिकडे पूर्वेला. वनहत्ती राहतो दाट जंगलात." त्यांनी भिंतीवरच्या नकाशात बोट खुपसलं. "तुमचं शेत जंगलात आहे?"

"जंगल तोडूनच केलंय. आपली रीतच आहे ना! तोडायचं, जाळायचं, तीन वर्षं पिकवायचं, मग सोडून द्यायचं."

"म्हणजे आज ते जंगल नाही. जंगल नाही, तर वनहत्ती तिथे राहत नाही. जो राहतच नाही, त्याला तुकडी हुसकावणार कुठून?"

"अरे, पण तो उभा होता तिथे!"

"उभा राहिला असेल. राहत नाही. तीन वर्षांनी शेत सोडलंत की पुन्हा जंगल वाढेल. तेव्हा या."

शनिवारी हत्ती परत आला. आंदेमेने डबे बडवले, शिव्या घातल्या, त्याच्या आईपर्यंत पोचली. तो कान हलवत जेवत राहिला. सोमवारी बाई कचेरीत, तर साहेब हसतमुख.

"माय, तुमच्यासाठी वरपर्यंत लिहिलं. नकाशात तुमच्या शेताला हिरवा रंग दिलाय. आता ते जंगल. हत्ती रीतसर झाला!"

"देव तुझं भलं करो, लेकरा. मग धाड तुकडी."

"आता कशाला? तो आपल्या घरी जेवतोय." साहेबांनी आवाज खाली आणला. "उलट राखीव जंगलात परवान्याशिवाय कुदळ घेऊन फिरताय तुम्ही. मी काही पाहिलं नाही, असं समजा."

आंदेमेने साहेबांच्या समोरचा कोरा कागद ओढला. 'मी त्याच जंगलात राहते. मलाही वन्य प्राणी म्हणून लिहून घ्यावं, म्हणजे तिथलं मीही खाईन.' खाली झोकात सही केली.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, नियमांचं पुस्तक चाळलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

"फार जवळ आला होतात, माय. पण वन्य प्राणी अर्ज करत नाही. सही केलीत, तिथेच घात झाला."

बाई घरी आली तेव्हा हत्ती शेवटचा घड सोलत होता. त्याने कधी अर्ज केला नव्हता, सही केली नव्हती, कुठलाही कागद वाचला नव्हता. म्हणूनच त्याचं सगळं नियमात बसत होतं.

तुम्ही मात्र हे शेवटपर्यंत वाचलंत. म्हणजे तुमचंही काही खरं नाही.