बुधवारचा गुरुवार

मंगळवारी संध्याकाळी शाळेचा मेसेज आला की उद्या गुरुवार आहे.

अगदी याच शब्दांत नव्हता, पण सुचिताने तो पुन्हा पुन्हा वाचला आणि दर वेळी अर्थ तोच निघाला. 'येत्या गुरुवारी शाळेला सुट्टी असल्यामुळे उद्या बुधवारी गुरुवारचे वेळापत्रक पाळावे. बुधवारचे वेळापत्रक शुक्रवारी व शुक्रवारचे शनिवारी राहील. शनिवारचे मागाहून कळवण्यात येईल. पालकांनी नोंद घ्यावी.' पालकांनी नोंद घेतली आणि पालक बोटांवर वार मोजू लागले.

सुचिताची उन्नती दुसरीत होती. नेरूळच्या त्या शाळेत शिक्षण किती मिळत होतं ते देव जाणे, नियम मात्र पोटभर मिळत. बुधवारी पिवळा टी-शर्ट आणि निळा स्कर्ट, गुरुवारी पीटीचा पांढराशुभ्र गणवेश. बुधवारी डब्यात पोळी-भाजी, गुरुवारी मोड आलेलं कडधान्य. आणि ज्याचा गणवेश चुकेल त्याने प्रार्थनेला मैदानात न थांबता व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं. नियमाला अपवाद नाही. मागच्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचा शिवतेज नुसत्या मोज्यांच्या रंगापायी व्हरांड्यात गेला होता.

एरवी सुचिताने हे हसून सोडून दिलं असतं. पण या गुरुवारी, म्हणजे आता उद्याच, प्रतिज्ञा सांगायला उन्नती उभी राहणार होती. साधी गोष्ट नव्हती ती. या पोरीचं तोंड घरात मिटत नसे आणि शाळेत उघडत नसे. पहिलीचं अख्खं वर्ष तिने नुसतं मान हलवून काढलं होतं. सुनयनाटीचरनी मागे लागून लागून तिला तयार केलं, तेव्हापासून ती फ्रिजसमोर, कुंड्यांसमोर आणि घोरणाऱ्या आजोबांसमोर प्रतिज्ञा म्हणत फिरत होती. गणवेशापायी ती ऐन वेळी व्हरांड्यात गेली असती, तर शाळेत पुन्हा कधी बोलली असती असं सुचिताला वाटत नव्हतं.

"ऐकलं का, उद्या गणवेश कुठला घालायचा?" तिने नवऱ्याला विचारलं.

कुंदन न्हावा शेव्याला कस्टमचे कागद करणाऱ्या ऑफिसात कामाला होता. मेसेज त्याने कागद तपासावा तसा तपासला. "वेळापत्रक लिवलंय. वेळापत्रक म्हणजे पुस्तकं. गणवेशाचं लिवलंय काय? नाय. म्हणजे गणवेश बुधवारचा. पिवळा. सिंपल हाय."

"आणि गुरुवारच्या वेळापत्रकात पीटीचा तास आहे, त्याचं काय? पिवळ्यात पीटी करू देतील?"

"हां, मग पांढरा."

"पण वार तर बुधवार आहे."

"मग पिवळा," कुंदन म्हणाला आणि चहात बुडवलेलं बिस्कीट विरघळून तळाशी जाईपर्यंत तसाच बसून राहिला.

एवढ्यात गोटीराम पिशवी हलवत आले. गोटीराम म्हणजे कुंदनचे वडील. एकेकाळी शेती करणारे, आता स्वतःच्याच शेताच्या जागेवर उभ्या राहिलेल्या चार मजली इमारतीचे मालक. पिशवीत ताजी कोलंबी होती. "सगुने, ही ठेव फ्रीजमदी. उद्या बुधवार, कालवन कर मस्त."

सगुणाबाईंनी, म्हणजे सुचिताच्या सासूबाईंनी, पिशवीला हातच लावला नाही. मार्गशीर्षातले गुरुवार त्या कडक पाळत. "उद्या गुरवार हाय. नातीच्या शालेचा मेसेज आलाय."

"शाला कोन लागून गेली वार बदलनारी? भिंतीवर कॅलेंडर हाय ना, त्यात बघ!"

"आनि देवाचा कोप झाला तं शाला येनार हाय काय मधी?"

"मंग आताच कर."

"आज मंगलवार."

"आनि परवा?"

"परवा खराखुरा गुरवार."

गोटीरामांनी कपाळाला हात लावला. आयुष्यात त्यांनी खाडीचं पाणी शेतात शिरलेलं पाहिलं होतं, पण आठवड्यातून बुधवार गेलेला पहिल्यांदाच पाहत होते. "अगं पन मंग बुधवार कवा हाय?"

"आजोबा, बुधवार शुक्रवारी आहे," उन्नतीने खुलासा केला. तिला सगळं समजलं होतं. कोलंबी मुकाट्याने फ्रीजरमध्ये गेली.

संध्याकाळनंतर टीचरना फोन करायचा नाही असाही शाळेचा एक नियम होता. शाळेच्या ग्रुपवर पालकांना लिहायची सोय नव्हती, म्हणून पालकांनी टीचरना वगळून वेगळा ग्रुप केला होता. सुचिताने तिथे विचारलं, 'उद्या युनिफॉर्म कोणता?' लगेच उत्तरं आली. 'सेम डाउट.' 'मलाही हेच विचारायचं होतं.' 'कुणाला कळलं तर प्लीज सांगा.' एका आईने हात जोडले, दुसरीने अंगठा दाखवला. कुणीतरी कडधान्याचा विषय काढला आणि ग्रुप पेटला. मटकी भिजवून मोड यायला दीड दिवस तरी लागतो, आणि शाळेने मटकीला आधी कळवलेलंच नव्हतं.

शेवटी सुचिताने भरवशाचा मार्ग धरला. खालच्या मजल्यावर त्यांची भाडेकरू उज्वला राहायची. साताऱ्याची, नवरा मार्केटात गाळ्यावर. बाई अतिशय टापटिपीची. मोज्यांच्या प्रकरणानंतर तर चौकशी केल्याशिवाय ती रुमालही धूत नसे. सुचिताने गॅलरीतून वाकून तिच्या दोरीवर पाहिलं. शिवतेजचा पिवळा टी-शर्ट वाळत होता. तिचा जीव भांड्यात पडला. तिने वाळत घातलेला पांढरा गणवेश काढला आणि पिवळा धुऊन दोरीवर टाकला.

जेवणं झाल्यावर सहज म्हणून तिने पुन्हा वाकून पाहिलं, तर खाली पांढरा!

"उज्वलाताई!" ती वरूनच ओरडली. "तुमचा पिवळा कुठे गेला?"

उज्वला गॅलरीत आली, ओल्या हातांनी. "अवो वहिनी, तुमच्या दोरीवर पांढरा दिसला म्हणून मी पिवळा काढला आन् पांढरा टाकला की! म्हनलं, तुमी शिकलेल्या, तुमी इचारूनच टाकला असनार."

"आणि मी तुमचा पिवळा बघून पांढरा काढला!"

"मग मी आता काय करू?"

"मला काय माहीत! मी तुम्हालाच बघून करते!"

"आन् मी तुमाला!" उज्वला हताशपणे म्हणाली, आणि दोघी वरखाली आपापल्या गॅलरीत ओल्या कपड्यांशेजारी उभ्या राहिल्या.

सकाळी दोन्ही गणवेश दमटच होते. सुचिता इस्त्री फिरवत होती, आणि उन्नती नुसत्या पेटीकोटमध्ये उभी राहून प्रतिज्ञा पुटपुटत होती. पोर चुकली तर चुकली, पण आईच्या चुकीने तिला बाहेर उभं राहावं लागू नये. तिने दोन्ही गणवेश उचलले. आधी पिवळा टी-शर्ट, निळा स्कर्ट. त्यावर पांढरा शर्ट, पांढरा स्कर्ट. गळ्यापर्यंत बटणं.

"पोरगी हाय का कांदा?" कुंदनने विचारलं.

"गप्प बसा. मटकी शिजायला घातलीय, मोड आलेत असं समजून डब्यात भरा."

बस स्टॉपवर अर्धी मुलं पिवळी होती, अर्धी पांढरी, आणि सगळ्या आया एकमेकींच्या पोरांकडे चोरून पाहत होत्या. उज्वलाने शिवतेजला पांढरं घातलं होतं. उन्नतीला पाहून तिला हायसं वाटलं. "तुमीबी पांढराच घातला की! बरोबर आलं म्हनजे आपलं. उन्नतीनं मात्र अंग धरलंय बरं का."

"थंडी आहे ना, आत स्वेटर घातलाय," सुचिता म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली. खरं सांगायला तिने तोंड उघडलंही, पण तेवढ्यात बस आली.

बसच्या मागोमाग ती रिक्षाने शाळेत पोचली. ज्यांचं मूल प्रार्थनेत भाग घेई, त्या पालकांना गुरुवारी मैदानाच्या कडेला उभं राहायची परवानगी असे. गेटवर वॉचमन हिरामणने काठी आडवी धरली.

"पालक गुरवारी अलाउड हायत, मॅडम. आज बुधवार."

"शाळेने आज गुरुवार केलाय!"

हिरामणने आकाशाकडे पाहिलं, शाळेकडे पाहिलं आणि काठी खाली घेतली. "असं करा. गुरवार असंल तर आत या. बुधवार असंल तर मी तुमाला बघितलंच नाय."

मैदानात सगळी शाळा रांगेत उभी होती, पिवळी आणि पांढरी, भेळ झाल्यासारखी. माइकसमोर मुख्याध्यापिका सुमित्राबाई उभ्या होत्या. नोटीस त्यांनीच काढली होती, पण ती वाचून कुणाला प्रश्न पडेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मैदान पाहून त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"आज गुरुवारचं वेळापत्रक आहे," त्या कडाडल्या. "पिवळ्या गणवेशातले सगळे व्हरांड्यात!"

पिवळी मुलं निमूट निघाली. उन्नती जागची हलली नाही. ती पांढरी होती.

मग पीटीचे दिपेश सर घाईघाईने स्टेजवर चढले आणि बाईंच्या कानाशी लागले. माइक चालूच होता. "मॅडम, पीटीचा तास या आठवड्यापासून शुक्रवारी गेलाय, पालकांना कळवायचं राहिलंय. आज पीटी नाही. मग पांढरा कशाला?"

सुमित्राबाईंनी क्षणभर डोळे मिटले. आता माघार घ्यावी, तर सगळ्या शाळेदेखत घ्यावी लागणार होती. त्यापेक्षा त्यांनी नियम पुढे नेला. "पांढऱ्या गणवेशातले सगळे व्हरांड्यात!"

पांढरी मुलं निघाली. शिवतेज सवयीने सगळ्यांच्या पुढे होता. पिवळ्यांना परत बोलवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सुचिताने पदर तोंडाला लावला. उन्नतीने इकडेतिकडे पाहिलं, शांतपणे पांढऱ्या शर्टाची बटणं सोडली, पांढरा स्कर्ट खाली सरकवून त्यातून पाय बाहेर काढले, दोन्हीची घडी करून पायाशी ठेवली आणि पिवळी होऊन सावधान उभी राहिली.

अख्ख्या मैदानात आता एकटी उन्नती होती.

सुनयनाटीचर पुढे आल्या, तिला हाताला धरून माइकपाशी घेऊन गेल्या. सुचिता दोन पावलं पुढे सरकली. पण समोर कोण होतं? खुसखुसणारी मुलं नव्हती, रोखलेल्या नजरा नव्हत्या. नुसतं मोकळं मैदान आणि कडेला ओळीने मांडलेल्या कुंड्या. कुंड्यांसमोर तर उन्नती रोज बोलायची. तिने हात पुढे केला आणि खणखणीत आवाजात प्रतिज्ञा सुरू केली. व्हरांड्यात कोंबलेली शाळा तिच्यामागून म्हणू लागली. गेटवर हिरामणनेही काठी बगलेत मारून हात पुढे धरला. एक शब्द चुकला नाही पोरीचा. सुचिता उभ्या उभ्या रडली, आणि त्या वेळी आज कुठला वार आहे याची तिला काडीची पर्वा नव्हती.

प्रार्थना संपल्यावर सुमित्राबाईंनी सुचिताला जवळ बोलावलं. "सूचना नीट वाचणारे पालक अजून आहेत, हे पाहून बरं वाटलं. काय समजलात तुम्ही आमच्या नोटिशीतून?"

"खरं सांगू का, मॅडम? मला काहीच समजलं नाही. म्हणून दोन्ही घातले."

सुमित्राबाईंनी गंभीरपणे मान डोलावली. "आम्हाला तेच अपेक्षित होतं."

दुपारी उन्नती घरी आली आणि बोलतच सुटली. टीचर काय म्हणाल्या, मॅडम काय म्हणाल्या, शाळेत ती दिवसभर कुणाकुणाशी काय बोलली. सुचिता कौतुकाने ऐकत होती, तेवढ्यात फोन वाजला. शाळेची नोटीस होती. 'आजचा अनुभव लक्षात घेता, यापुढे वेळापत्रकात बदल असेल त्या दिवशी सर्व विद्यार्थ्यांनी दोन्ही दिवसांचे गणवेश एकावर एक घालून यावे. नियम शुक्रवारपासून लागू. एप्रिल व मे महिन्यांतही सवलत मिळणार नाही. बुटांबाबत स्वतंत्र सूचना देण्यात येईल.'

पालकांच्या ग्रुपवर आग लागली. 'हे कुठलं खूळ?' 'मुलं उकडून मरतील!' 'कुणीतरी आपल्या पोराला दोन-दोन घालून पाठवलं म्हणे, त्याच्यावरून काढलंय.' 'कोण आहे ती बाई? जरा नाव तर कळू दे!'

गप्प राहिलं तर संशय यायचा. सुचिताने कपाळावरचा घाम पुसला आणि लिहिलं, 'खरंच! कमालच आहे बाईची. काय म्हणावं अशा लोकांना!'

लगेच खाली उज्वलाचा मेसेज उमटला.

'वहिनी, नाव तुमी सांगताय का मी सांगू?'