झिपरी अस्वलीण आणि पथ्याचं टॉनिक

एका जंगलात, मुलांनो, झिपरी नावाची अस्वलीण राहायची. मध तिने काढायचा, वारुळं तिने उकरायची, आणि सगळ्यांची पोटं भरली की उरलेलं रिकामं पोळं तिने चाटायचं. अस्वलांत तशी रीतच होती.

एके दिवशी ती झाडावरून धप्पकन पडली. अंगात त्राणच उरलं नव्हतं.

"अगं, नीट चढायचं ना!" तिचे यजमान अस्वलराव म्हणाले. "पोळं चेपलं की सगळं!"

पण उद्या मध कोण काढणार? या काळजीने ते तिला साळिंदर वैद्यीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी भोपळाभर टॉनिक दिलं आणि बदल्यात मधाचं अख्खं पोळं घेतलं.

"पथ्य कडक आहे हं," त्या म्हणाल्या. "आधी हिने पोटभर जेवायचं. मग टॉनिक. मग उन्हं कलेपर्यंत झोप. मध्ये कुणी हाक मारली, तर टॉनिक फुकट गेलं समजा."

अख्खं पोळं फुकट! अस्वलराव गुहेच्या तोंडाशीच बसले. पिल्लं रडली की दटावायचे, "गप! आईचं टॉनिक अंगी लागतंय." भूक लागली की स्वतःच वारूळ उकरायचे.

भरलेल्या पोळ्यातला मध कसा लागतो, ते झिपरीला पहिल्यांदाच कळलं. पंधरवड्यात तिच्या केसांवर तकाकी आली. ती चक्क गुणगुणू लागली.

ते पाहून अस्वलरावांना मोह झाला. त्यांनी हळूच भोपळा तोंडाला लावला.

"अगं, हे तर ओढ्याचं पाणी! फसवलं त्या बाईने! ऊठ आता, पोरं उपाशी आहेत."

झिपरी उठली. पुन्हा मध काढू लागली, पुन्हा रिकामी पोळी चाटू लागली. थोड्याच दिवसांत झाडाच्या बुंध्याशीच तिचे पाय लटपटायला लागले. कशीबशी ती वैद्यीणबाईंकडे पोचली.

"बाई, आता तरी खरं टॉनिक द्या हो."

"अगं वेडे, खरंच दिलं होतं." बाई विचारात पडल्या. "चुकलं माझंच. त्याला चव नव्हती."

त्यांनी पुन्हा ओढ्याचंच पाणी भरलं आणि त्यात मूठभर कडू किराईत कुस्करलं. "पथ्य तेच. या खेपेला मधाची पोळी मात्र दोन."

घरी अस्वलरावांनी आधी स्वतः चाखून पाहिलं.

"थू थू थू!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "याला म्हणतात औषध! अगं, बसलीस काय? जेवून घे आधी. पोरांनो, चला बाहेर!"

झिपरीने पोटभर मध खाल्ला, कडू घोट घेतला आणि हसतच कूस बदलली.

तात्पर्य : थकलेल्या बाईला विश्रांती मिळावी, हे घरात कुणालाच सुचत नाही, महागाचं औषध वाया जाऊ नये, यावर मात्र सगळ्या घराचं एकमत असतं.