बसला लावलेले शब्बाथचे दिवे

"अहो, माझ्या दिव्याच्या वाट्या कुठं आहेत?" येहुदितनं स्वयंपाकघरातून विचारलं आणि गर्शोननं ऐकलंच नाही असं दाखवलं.

अंगठ्याएवढ्या त्या दोन पितळी वाट्या तिच्या आईनं रेवदंड्याहून निघताना दिल्या होत्या. दर शुक्रवारी सूर्य बुडण्याआधी त्यांत तेल-वात घालून ती शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावी. सध्या मात्र त्या हातभर लांबीच्या एका पत्र्याच्या बसला हेडलाइट म्हणून कथलाचा डाख देऊन पक्क्या बसवलेल्या होत्या.

मुंबईत फिटर असलेला गर्शोन १९६३ साली इस्रायलमधल्या ओफाकिम गावात रस्त्याकडेला झाडं लावत होता आणि मनातून कुढत होता. बस डेपोचा मुकादम त्स्वी यानं त्याला सांगितलं होतं, "हातचं काम दाखव, मग वर्कशॉपचं बघू." म्हणून त्यानं तेलाच्या डब्यातून डेपोचीच बस घडवली. चहाची गाळणी कापून रेडिएटरची जाळी केली, छत्रीच्या काडीचा बंपर केला. हेडलाइटपाशी गाडं अडलं आणि तिथंच त्याची अक्कल गहाण पडली.

"बसला लावल्यात?" येहुदित कडाडली. "सूर्य बुडतोय! काढा आधी!"

"काढल्या तर अख्खं तोंड उखडेल गं. त्स्वी आत्ता बस बघायला येतोय. मेणबत्त्या लाव ना!"

"कुठल्या? कोपऱ्यावरचं दुकान दुपारीच बंद झालं."

तिनं बस उचलली, टेबलावर शेपटीवर उभी केली, आभाळाकडे बघणाऱ्या हेडलाइटांत तेल ओतलं, वाती पेटवल्या आणि डोळे झाकून बेराखा, म्हणजे दिव्यांची प्रार्थना, म्हटली. झालं! आता शनिवारी रात्री शब्बाथ संपेपर्यंत दिवे विझवायचे नाहीत आणि बसला हातही लावायचा नाही.

तेवढ्यात त्स्वी आलाच. बसभोवती फिरून त्यानं हिब्रूत विचारलं, "ही चढावर आहे का?"

गर्शोननं घाम पुसत सगळी हकीकत सांगितली. त्याची नजर मात्र ज्योतींखालच्या डाखावर होती. वाट्या तापल्या होत्या आणि डाख ओलसर चमकायला लागला होता.

टण्‌! जाळी पडली.

"विझवू का?" त्स्वी पुढे सरसावला.

"खबरदार!" येहुदित आडवी आली. "शब्बाथचे दिवे आहेत ते!"

बसचा बाजूचा आरसा पडला. गर्शोनला रडू फुटायचं बाकी होतं. कित्येक महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत वितळत होती आणि साधी फुंकर मारायची सोय नव्हती. शेवटी बंपर खणखणत थेट त्स्वीच्या बुटावर आला.

त्स्वीनं तो उचलून टेबलावर ठेवला.

"आधी जाळी, मग आरसा, मग बंपर?" त्यानं विचारलं.

"हो," गर्शोन पुटपुटला.

"आमच्या बसचंही अगदी याच क्रमानं होतं," त्स्वी उसासा टाकत म्हणाला. "रविवारी सकाळी कामाला ये. कुठून काय पडतं, ते तुला आता दाखवायला नको."