ओरडण्याची पूर्वपरवानगी

एका जंगलात, बाळांनो, एक पाणवठा होता. जंगलाचं नाव विचारू नका. मी अजून तिथंच नोकरीला आहे.

पाणवठ्यावर सगळे पाणी प्यायला येत. बिबट्याही येई, पण पाण्यासाठी नव्हे. म्हणून तिथं आरोळीदाराचं एक पद होतं. बिबट्या दिसला की ओरडायचं, एवढंच काम. त्याबद्दल काठावरची कोरडी जागा राहायला मिळे.

आरोळीदार होतं एक म्हातारं वानर. ते निवृत्त झालं आणि त्या पदासाठी दोन अर्ज आले.

पहिला टिटवीचा. ती सात वर्षं हंगामी होती. वानर दुपारी झोपायचं, तेव्हा ही ओरडायची. खरं तर वानर सकाळी अंग खाजवायचं, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी गप्पा हाणायचं. म्हणजे सगळं हीच ओरडायची. काठावरच्या त्या जागेत तिची तीन अंडी होती. कायम झाली तर जागा तिची, नाहीतर हाकलतील तेव्हा निघायचं.

दुसरा अर्ज कासवअण्णांचा. सेवाज्येष्ठता यादीत पहिलं नाव, नव्वद वर्षं सेवा. त्यातला प्रत्येक उन्हाळा त्यांनी चिखलात झोपून काढला होता, पण सेवेत खंड कुठंच दाखवलेला नव्हता. आमच्याकडे तशी पद्धतच आहे.

अडचण एकच होती. अण्णांना आवाज नव्हता.

"मग ते ओरडणार कसे?" असं तुम्ही विचाराल. बाळांनो, तुम्ही लहान आहात. पात्रता वेगळी आणि काम वेगळं, हे तुम्हाला नोकरी लागल्यावर कळेल.

झालं, भांडण पेटलं. हरणं म्हणाली, "जिला जमतं तिला द्या की!" घोरपड, साळिंदर वगैरे जुनी मंडळी म्हणाली, "आज अण्णांना डावललंत, उद्या आम्हाला डावलाल."

अण्णा बिचारे म्हणाले, "मला ओरडता येत नाही, हे मी नव्वद वर्षांत कुणापासून लपवलंय का? रांगेत उभा होतो, नंबर आला, एवढंच."

मग तंटा मिटवायला समिती नेमली. अध्यक्ष गवासाहेब, सदस्य मी. मी म्हणजे बगळा. मला का घेतलं? रंगानं पांढरा आहे आणि बोलतो कमी. असल्याला लोक निःपक्षपाती समजतात. खरं सांगू? मला मतच नसतं. मासा दिसेपर्यंत माझ्या डोक्यात काहीही नसतं.

मुलाखती झाल्या.

"अनुभव?" गवासाहेबांनी टिटवीला विचारलं.

"सात वर्षं."

"हंगामी होतीस ना? मग तो धरता येत नाही."

"बिबट्या कायमचाच होता, साहेब," टिटवी म्हणाली.

गवासाहेबांनी शेऱ्यात लिहिलं: उद्धट. अण्णांना त्यांनी फक्त तब्येत विचारली.

आणि त्या दिवशी मला जन्मात पहिल्यांदा एक कल्पना सुचली. मी म्हणालो, "आरोळीदार अण्णाच. टिटवी त्यांची मदतनीस, हंगामी. काठावरची जागा तूर्त तिच्याकडे राहू दे. बिबट्या दिसला की तिनं अण्णांना कळवायचं. अण्णांनी मान हलवली की तिनं ओरडायचं."

टाळ्या पडल्या. "याला म्हणतात तोडगा!" गवासाहेब म्हणाले. मी इतका हरखलो की त्या दिवशी दोन मासे समोरून गेले तरी दिसले नाहीत.

टिटवी तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. "बगळेकाका, अण्णा घाबरून कवचात गेले तर?"

"तर वाट बघायची," मी म्हणालो. "नियमात तशी तरतूद आहे." तशी काही तरतूद नव्हती. मी ती तिथल्या तिथं केली.

आठ दिवसांत बिबट्या आला. टिटवीनं अण्णांकडे बघितलंसुद्धा नाही. अशी काही ओरडली की हरणं उधळली, गवासाहेब शेपूट वर करून पळाले आणि मी झाडावर पोचलो. कुणाला ओरखडाही आला नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी चौकशी लागली.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला विचारलंसुद्धा नाही हो! मग मी आहे तरी कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून टिटवीला ताकीद देण्यात आली. विनापरवाना ओरडणे. पुन्हा घडल्यास काठावरची जागा त्याच दिवशी रिकामी करावी.

"अंडी उचलून कुठं नेऊ, काका?" टिटवी म्हणाली. "अजून बारा दिवस उबवायचीत. आणि काल बिबट्या तुमच्यापासून दहा हातांवर होता. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

वाटलं ना! शरमेनं मान खाली गेली माझी. म्हणालो, "वैयक्तिकरीत्या मी तुझा फार ऋणी आहे." आणि ताकिदीवर सही केली. माझी सही सुंदर आहे, सगळेच म्हणतात.

पाच दिवसांनी मी उथळ पाण्यात एका माशावर नजर लावून उभा होतो. काठावरून टिटवीचा हळू आवाज आला.

"अण्णा, बिबट्या आलाय. ओरडायची परवानगी असावी."

मी मनात म्हटलं, शाबास! कशी वळणावर आली!

"अण्णा, मान आत नका घेऊ. दुसऱ्यांदा विचारते. तो बगळेकाकांच्या मागं आहे."

कोण बगळेकाका, असं क्षणभर माझ्या मनात आलं. मग मी टिटवीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पोटाखालच्या अंड्यांकडे पाहिलं. तिची चोच उघडली आणि मिटली. डोळे भरून आले होते तिचे.

"तिसऱ्यांदा विचारते, अण्णा," ती म्हणाली.

मी उडालो. एक पाय सोडून सगळा उडालो.

रीतसर चौकशी झाली. टिटवीनं तीनदा परवानगी मागितल्याची साक्ष घोरपडीनं दिली. टिटवी निर्दोष ठरली. अहवालावर सही मीच केली, झाडाला टेकून. पुढच्या आठवड्यात तिची तिन्ही पिल्लं अंड्यांतून बाहेर आली आणि काठावर पळायला लागली. मला बघून फार बरं वाटलं. अण्णांचा सत्कार झाला, कारण त्यांच्या कारकिर्दीत वाद मिटला.

हल्ली मी पाण्यात एका पायावर उभा असतो. येणारे-जाणारे म्हणतात, "काय ध्यान लागलंय बगळोबांचं!" मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

तात्पर्य: वेळेवर ओरडणाऱ्याला वेळेवर शिस्त लावावी. एखादा पाय जातो, पण ज्येष्ठतेला धक्का लागत नाही. नव्या भरती समितीवर मला पुन्हा घेतलंय. म्हणाले, बैठं काम आहे, एका पायावर भागेल.